नव्या लॅपटॉपला 512 जीबीची एसएसडी आहे, पण फक्त सी ड्राइव्ह दिसतो. डेटा सुरक्षित राहावा म्हणून पार्टिशन करावं का, म्हणजे एकाच डिस्कचे वेगवेगळे ड्राइव्ह पाडावेत का?

जरूर करा. पण पार्टिशन कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही, हे आधी समजून घ्या. मला ते उशिरा कळलं आणि त्यात मुलीच्या बारशाचे फोटो गेले.

माझ्या जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह होते. फोटो डीमध्ये, आणि 'बॅकअप' म्हणून त्यांचीच कॉपी ईमध्ये! फार शहाणपणा केल्यासारखं वाटायचं. एके दिवशी डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला ती दिसेचना. तिन्ही ड्राइव्ह एकदम गेले. वाडा एकच, आत भिंती घालून बिऱ्हाडं तीन केली, तरी वाडा पडला की सगळीच उघड्यावर. आता जे फोटो आहेत ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केलेले, धुरकट. तुमच्या एसएसडीचं तर आणखी अवघड, ती बरेचदा टकटकसुद्धा न करता जाते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर तेही सी-डी असा भेदभाव करत नाही.

पार्टिशनचा खरा उपयोग विंडोज बिघडल्यावर. तेव्हा फक्त सी फॉरमॅट मारायचा, डी जागच्या जागी राहतो. दुरुस्तीला देताना मात्र "डीला हात लावू नका" असं बजावून सांगा. विंडोज टाकताना सगळी पार्टिशनं उडवणं दोन क्लिकचं काम आहे.

आता कृती. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर कुठेतरी कॉपी करा. मग विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे एसएसडी 476 जीबीच्या आसपास दिसेल. घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. सीवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे 250 जीबी हवे असतील तर 256000. जागा असूनही विंडोज कमीच आकडा देत असेल तर सीमधल्या न हलणाऱ्या सिस्टीम फाइली आड येत आहेत असं समजा. मोकळ्या झालेल्या जागेवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', फॉरमॅट म्हणून एनटीएफएस निवडा, झालं. शेजारी ईएफआय आणि रिकव्हरी नावाची छोटी पार्टिशनं दिसतील, ती जागा खातात म्हणून उडवू नका. सीला 200 जीबी तरी ठेवा. पुढे तो वाढवायचा झाला तर लगतची जागा मोकळी लागते, म्हणजे डीच काढावा लागतो.

लोक फसतात ते यानंतर. डी तयार होतो, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सीमध्येच राहतात. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅब आहे, तिथून ते डीवर हलवा. टॅलीचा डेटा कुठे आहे तेही बघा. जुनं मराठी टायपिंग श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर ते फॉन्टही डीवर कॉपी करून ठेवा. नाहीतर फॉरमॅटनंतर फाइल शाबूत आणि अक्षरांच्या जागी नुसता गिचमिड मजकूर, असं होतं. आणि बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोज नव्याने टाकल्यावर डी ती मागू शकतो.

एवढं करून झालं की एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरेल.