लॅपटॉप भंगारात काढण्याआधी वेबपानं हलकी करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोपरीला तुमच्या आईंकडे २०१३ चा लॅपटॉप आहे, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. इंटरनेटवर बातम्यांचं पान उघडलं की पंखा घोंघावतो, सगळं अडकतं, रेसिपीचे व्हिडिओही अडकतात, आणि दुकानदार म्हणतो भंगारात काढा. इतक्यात काढू नका. लॅपटॉप होता तसाच आहे, पानं जड झाली आहेत.

हिशेब करून बघा. वेबपानांवर अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तरी पाचशे शब्दांची बातमी १० केबीच्या आसपास बसते. ती ज्या पानावर असते ते पान मात्र सहज २-३ एमबीचं. बाकी सगळे फोटो, जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि तुम्ही काय वाचता यावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात दडलेले जावास्क्रिप्ट भाषेतले छोटे प्रोग्राम. फोटो एकदा पडद्यावर उमटला की काम संपलं. जावास्क्रिप्टचं तसं नसतं. ती आधी वाचायची, मग प्रोसेसरला कळेल अशी करायची, मग चालवायची; पुष्कळ स्क्रिप्ट तर पान बंद करेपर्यंत चालूच राहतात. तुमचं स्क्रोल आणि क्लिक त्यांच्याच मागे रांगेत उभं असतं. फायबर घेऊनही फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच.

त्यात रॅम. २०१८ पासून क्रोम वेगवेगळ्या साइटना वेगळी प्रोसेस, म्हणजे रॅममधली स्वतंत्र जागा देतो, पानातल्या परक्या साइटच्या जाहिरातींनासुद्धा. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण ४ जीबी बघता बघता भरते. मग विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर टाकतं आणि दर वेळी तिथून उचलून आणतं. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो तो त्यामुळे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कुठलं पान किती खातंय ते समोर दिसेल.

मी ऐरोलीतल्या एका अभ्यासिकेचे सहा जुने कॉम्प्युटर सांभाळतो. कोर टू ड्युओ हे त्याहून जुने प्रोसेसर, २ जीबी रॅम. शेवटच्या तारखेला एक मुलगी भरतीचा अर्ज भरत होती. पानाच्या माथ्यावर सरकत्या चित्रांची पट्टी, खाली फोटो अपलोड. चित्रं सरकत राहिली, अपलोड होईना, आणि मुदत संपल्याचा संदेश आला. तिला पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. पान बनवणाऱ्याने ते एकदा तरी अशा मशीनवर उघडून बघायला हवं होतं. ज्यांच्यासाठी अर्ज आहे, त्यांच्या घरी अशीच मशीन असतात.

त्याच दिवशी मी सहाही मशीनवर फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशन टाकलं. आईंच्या लॅपटॉपवरही आधी हेच करा, पैसे लागत नाहीत. क्रोममध्ये आता त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते, म्हणून फायरफॉक्स म्हणतोय. शिवाय लेख उघडल्यावर एफ९ दाबलं की नुसता मजकूर मोठ्या अक्षरात येतो. आईंच्या डोळ्यांनाही ते बरं.

रेसिपीचे व्हिडिओ अडकतात त्याचं कारण वेगळं. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी आवळून पाठवतं. तिसऱ्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये ते उलगडण्याची खास सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ या जुन्या पद्धतीची सोय आहे. enhanced-h264ify नावाचं एक्स्टेंशन यूट्यूबला तेच पाठवायला लावतं. दर्जा ४८० वर ठेवा.

एवढं झाल्यावरच खर्चाचं बघा, आणि पहिला पैसा एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला, मग रॅम ८ जीबी करा. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, स्टेशनजवळचा दुरुस्तीवालाही बसवून देईल.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. आई बँकेचे व्यवहार त्यावर करत असतील तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मराठी टायपिंग त्यात होतं. आमच्या अभ्यासिकेत तेच आहे आणि मुलांना दोन दिवसांत सवय झाली.

मागचं झाकण उघडलंत की रॅमच्या पट्टीवरच्या लेबलचा आणि शेजारी रिकामा स्लॉट असेल तर त्याचा फोटो इथे टाका. कुठली पट्टी घ्यायची ते बघून सांगतो.