नवरा दुबईला, तू रत्नागिरीत

बाय गो, पहिलं वर्ष जड जातं, ठाऊक आहे मला. माझे हे २२ वर्षं दुबईत होते. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तू साडेदहाला आवरून बसतेस तेव्हा तो नऊला नुकताच खोलीवर टेकलेला असतो. लगेच "कधी येणार?" विचारू नकोस. मिरकरवाडा बंदरावर आज बांगडा कसा मिळाला, तिरफळं घातलीस का, ते सांग. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बोटी बंद, तेव्हा सुकटीची चटणी. पहिला पाऊस आला की फोन ओटीवर पागोळ्यांपाशी ठेव, बोलू नकोस. हे तर ऐकता ऐकता गप्पच व्हायचे. आणि एकटीसाठी कशाला, म्हणून चूल टाळू नकोस हो. गरम भात वाढून घे.