आधी वहीत नाव, मग पटांगणाचा वाद

प्रश्न : पाचगणीत आजोबांनी 1964 मध्ये घेतलेला आमचा छोटा बंगला आहे. 26 बंगल्यांची जुनी सहकारी सोसायटी. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे, पण तो टोरांटोला असतो आणि पुण्याहून ये-जा करून घर मीच सांभाळते. नावावर करायला सोसायटी 2 लाख रुपये ‘विकास निधी’ मागते. घर बंद असतं तरी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. आता मधलं पटांगण, जुनी विहीर आणि सिल्व्हर ओकची रांग असलेली जागा शेजारच्या हॉटेलला पार्किंगसाठी भाड्याने द्यायचा ठराव झाला आहे. मला नोटीसही आली नाही. रागाने मी 14 महिने मेंटेनन्स भरलेला नाही. काय करू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेला हजेरीच्या पानाचा फोटो मोठा करून बघितला. तिथे तुमच्या बंगल्यासमोर अजून बाबांचंच नाव आहे आणि पुढे ‘संमत’ असं लिहिलंय. बघून तुम्हाला काय वाटलं असेल, कळतं मला. तरी लगेच ‘खोटी सही’ म्हणून पोलिसात जाऊ नका. जुन्या यादीवरून नावं उतरवून घेतली आणि सरसकट शेरा मारला, असंही होतं. आधी इतिवृत्त, हजेरी आणि नोटीस यांच्या साक्षांकित प्रती लेखी अर्ज करून मागा. कागद हातात आल्यावर काय ते बोलू.

आता कटू वाटेल ते आधी सांगतो. आजच्या घडीला सोसायटीच्या वहीत तुमचं नाव नाही. त्यामुळे ‘मला नोटीस दिली नाही’ ही तक्रार लंगडी पडते. नोटीस सभासदाला जाते. म्हणून पटांगणाच्या आधी सभासदत्व.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने जागा सांभाळणारा असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम 154ब-13 नुसार सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, आणि खरे वारस ठरले की त्यांना कायम सभासद करायचं. म्हणजे भावाला तात्पुरता सभासद होता येईल. पण सोसायटीच्या सभेत प्रतिनिधीमार्फत मत देता येत नाही, आणि तो काही ठरावापुरता टोरांटोहून येणार नाही. तेव्हा भावाची खरोखर तयारी असेल तर त्याने त्याचा हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तुम्हाला सोडावा. आईचा उल्लेख पत्रात नाही. आई हयात असेल तर तिचाही तुमच्याइतकाच वाटा आहे, तिला विसरून कागद करू नका. बाबांनी मृत्युपत्र केलं असेल तर सगळंच चित्र बदलतं, कपाट नीट तपासा.

भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं. मात्र मुखत्यार तुम्हाला नको, मामा किंवा एखाद्या मावसभावाला करा. स्वतःच्या लाभाचं हक्कसोडपत्र स्वतःच मुखत्यार म्हणून सही करून घेतलंत तर उद्या कुणीही बोट दाखवेल. आणि ते पत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हमखास चुकते.

त्याच सुमारास मिळकतपत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढा. पाचगणीतल्या कित्येक जागा सरकारी भाडेपट्ट्यावरच्या आहेत. तुमची तशी असेल तर हक्कसोडपत्र करण्याआधी पट्ट्याच्या अटी वाचून घ्यायला हव्यात.

दोन लाखांचं म्हणाल तर ते देऊ नका. बाहेरच्याला घर विकलं तरी हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा महानगरपालिका हद्दीत 25,000 रुपये आहे, आणि वारसाकडून तर ते घेताच येत नाही. ‘विकास निधी’ असं नाव दिल्याने त्यात फरक पडत नाही. हक्कसोडपत्र जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नाकारलं तर कारणांसह लेखी मागा, म्हणजे सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अपील करता येतं. बंद घराला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागत नाहीत. घर भाड्याने दिलं तरच ते लागतात, तेही 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच.

थकबाकी मात्र या महिन्यातच भरा. चेकने भरा, सोबत ‘वादग्रस्त रकमा सोडून, हक्क राखून’ असं पत्र द्या. मेंटेनन्स थांबवल्याने समितीला तुमच्याविरुद्ध वसुलीच्या दाखल्याची, म्हणजे सहकार खात्याकडून सक्तीच्या वसुलीचा आदेश घेण्याची, वाट मोकळी होते, आणि तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी सगळीकडे ‘थकबाकीदार’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं. व्याज आकारलं असेल तर ते सरळव्याजाने वर्षाला 21 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये.

आता पटांगण. हजेरीत नऊ नावं आहेत, त्यातलं एक तुमच्या बाबांचं. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा 20, यातला कमी आकडा. म्हणजे तुमच्याकडे 18. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करून त्याच दिवशी नंतर घेता येते, पण तसं मूळ नोटिशीत लिहिलेलं असावं लागतं. तुमची सोसायटी जुनी आहे, तिने हे उपविधी स्वीकारलेत की साठ वर्षांपूर्वीचेच चालू आहेत, तेही विचारा. ठरावाचं पुढे काय होणार, हे बहुतेक त्या नोटिशीवर ठरेल.

ठराव कायदेशीर निघाला तरी काम तिथे संपत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे जागेचा वापर बदलायला सर्वसाधारण सभेचा हात वर पुरत नाही. ती झाडं पन्नास वर्षांपेक्षा जुनी असतील तर राज्याच्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर ती ‘वारसा वृक्ष’ ठरतात, आणि तोडायची परवानगी सहज मिळत नाही. झाडांचे बुंध्यासकट फोटो तारखेसह आजच काढून ठेवा. नगरपालिकेला एक साधं हरकतपत्र द्या, त्याला सभासद असावं लागत नाही. हॉटेलशी करार सहीच्या बेतात आहे असं कळलं तर थांबू नका. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली मृत सभासदाच्या हक्कातून दावा सांगणाऱ्यालाही सहकार न्यायालयात जाता येतं आणि तात्पुरती मनाई मागता येते.

पण कोर्टाची पायरी शेवटी चढा, असं मी मनापासून सांगतो. त्या 26 घरांत मालक सत्तरी-ऐंशीचे, मुलं परगावी, नावं अजून वडिलांची, अशी अवस्था तुमच्या एकटीची नसणार. त्या सगळ्यांना पत्र लिहा. एक-पंचमांश सभासदांनी, म्हणजे सहा जणांनी, लेखी मागणी केली की समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. मात्र अशा मागणीवरच्या सभेला गणपूर्ती झाली नाही तर ती तिथेच बारगळते, म्हणून 18 माणसं प्रत्यक्ष पाचगणीत हवीत. जुलैच्या पावसात ती येणार नाहीत. पावसाळ्यासाठी भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी काढायला ऑक्टोबरात घरोघरचं कुणी ना कुणी वर येतंच. सह्यांचा अर्ज सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात द्या. तोवर तुमचं हक्कसोडपत्र झालेलं असू द्या, म्हणजे त्या दिवशी हजेरीच्या पानावर सही तुमची असेल.