माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा जॉन थॉमस (जन्म अंदाजे 1830) 1850 च्या दशकात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आले. त्यांचं मूळ गाव आणि आईवडील कसे शोधायचे?

इंग्लंडच्या नोंदींना एवढ्यात हात लावू नका. नाव जॉन थॉमस, जन्म अंदाजे 1830, एवढ्यावर शोधलं तर ढीगभर जॉन थॉमस निघणारच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय चोपडी उघडण्याआधी मूळ गाव विचारतात, तसंच इथेही आहे. गाव हाती आल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

आणि ते गाव बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातच सापडतं, मृत्यूच्या दाखल्यात. त्या काळच्या इंग्लंडमधल्या दाखल्यात मृत्यूची तारीख, ठिकाण, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण आणि खबर कोणी दिली, एवढंच असतं. व्हिक्टोरियात जुलै 1853 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथल्या दाखल्यात वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी झालं, आणि मुलांची नावं वयांसकट असतात. माझ्या सासऱ्यांचे पणजोबा बेंडिगोच्या सोन्याच्या खाणीत होते. त्यांच्या दाखल्यात जन्मस्थान ‘रेडरुथ, कॉर्नवॉल’ असं स्वच्छ लिहिलेलं मिळालं. मुलांच्या यादीत दोन नावांपुढे वयाच्या जागी ‘मृत’ असं होतं. ही दोन मुलं घरात कोणालाच माहीत नव्हती. सासऱ्यांनी ती नावं त्याच दिवशी घरच्या बायबलमधल्या यादीत लिहून घेतली.

खबर देणारा कोण आहे ते मात्र नीट बघा. जावई किंवा शेजारी असेल तर आईचं आडनाव चुकलेलं असू शकतं. म्हणून मुलांचे जन्मदाखलेही काढा. त्यांतही आईवडिलांची जन्मस्थानं आणि लग्नाची तारीख असते.

जहाजाच्या याद्या व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात फुकट शोधता येतात. सरकारी मदतीवर आलेल्यांच्या याद्या 1839 ते 1871 पर्यंतच्या आहेत, त्यांत काउंटी (म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा), धंदा, धर्मपंथ आणि लिहितावाचता येतं का तेही असतं. स्वखर्चाने आलेल्यांचं जेमतेम नाव आणि वय. पंथ मेथडिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचा, असेल तर बाप्तिस्मा गावच्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या स्थानिक चर्चमध्ये, सापडेलच असं नाही. अशा पंथांच्या 1837 पूर्वीच्या बऱ्याच नोंदवह्या लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता इंग्लंड. तिथली सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, त्यामुळे तुमच्या जॉनचा जन्मदाखलाच नसणार, बाप्तिस्म्याची नोंद असेल. पण त्याची धाकटी भावंडं 1837 नंतर जन्मली असतील तर जनरल रजिस्टर ऑफिसच्या (इंग्लंडमधलं जन्ममृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय) ऑनलाइन सूचीत त्यांच्यापुढे आईचं माहेरचं आडनाव मिळतं. व्हिक्टोरियाच्या दाखल्यातल्या आडनावाशी ते जुळलं की घर सापडलं म्हणा. मला स्वतःला ही वाट सगळ्यात भरवशाची वाटते. हीच भावंडं 1841 आणि 1851 च्या जनगणनेत एका छताखाली दिसतात का ते पाहा. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. म्हणून तिथे वीस लिहिलेला माणूस चोवीसचाही असू शकतो.

सापडलेला जॉन आपलाच, असं लगेच धरू नका. त्याच गावाच्या दफन नोंदीत तो लहानपणीच गेलेला नाही ना, 1861 च्या जनगणनेत तो अजून इंग्लंडातच नांदत नाही ना, हे दोन्ही तपासा.

ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो वारल्यानंतरच्या आठवड्यांची स्थानिक वर्तमानपत्रंही चाळा. निधनवार्तेच्या शेवटी पुष्कळदा ‘कॉर्नवॉलच्या वर्तमानपत्रांनी कृपया हे छापावं’ अशा अर्थाची एक ओळ असते. तशी ओळ मिळाली तर पुढच्या दोनतीन महिन्यांची त्या काउंटीतली वर्तमानपत्रंही बघा, कारण बातमी बोटीने जायची.