शेळ्या दिल्या, पण उत्पन्न दुप्पट झालं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही 3 गावांतल्या 60 बायकांना दोन-दोन शेळ्या दिल्या, बहुतेक विधवा, परित्यक्ता, भूमिहीन. आता पैसे देणारे म्हणतात इम्पॅक्ट रिपोर्ट द्या, म्हणजे योजनेनं काय फरक पडला ते लिहून द्या. आमच्या सरांनी एक्सेल शीट बनवलीय त्यात 'उत्पन्न दुप्पट' असं आहे. मी गावात जाते तेव्हा मला तसं काही दिसत नाही, पण काही जणींचं खरंच बरं चाललंय हेही तितकंच खरं. नेमकं मोजायचं कसं? आणि शेळ्यांऐवजी बचत गटातून कर्ज दिलं असतं तर?

उत्तर : आधी सरांना विचारा, दुप्पट म्हणजे कधीच्या दुप्पट? पहिला सर्व्हे पेरणीच्या आधी झाला असेल, घरात दाणा नाही, कुणाकडं काम नाही, आणि दुसरा कापूस वेचणीत, जेव्हा रोज मजुरी हातात पडते, तर दुप्पट काय तिप्पटही येईल, त्यात बिचाऱ्या शेळीचा काय संबंध! दोन्ही वेळा महिना एकच हवा, हे पहिलं.

दुसरं म्हणजे ज्यांना शेळ्या मिळाल्या नाहीत त्यांचं काय झालं? हे कुणी विचारतच नाही. आंध्रात (आता तेलंगणात) मेदक जिल्ह्यात असाच प्रयोग झाला होता, अतिगरीब बायकांना जनावरं, ट्रेनिंग, सगळं दिलं. जनावरांची कमाई वाढली, पण तेवढीच मजुरीची कमी झाली, कारण जनावरं सांभाळायची तर कामाला कोण जाणार. आणि त्याच काळात भागात मजुरी वाढलेली, रोजगार हमी आलेली, त्यामुळं ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या घरांचंही बरं चाललं होतं. (रोहयो ही मूळ आपली, 72 च्या दुष्काळातली, हे आपणच विसरतो.) नुसत्या लाभार्थी बघितल्या असत्या तर योजना हिट, शेजारीण बघितली तर फरक जवळपास शून्य.

पण म्हणून हे सगळं फुकट असं समजू नका हं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 2002 मध्ये अतिगरीब बायकांसाठी जे सुरू केलं त्यात जनावर हा एक भाग होता, सोबत काही महिने घरखर्चाला थोडे पैसे, बचतीची सवय, आणि दर आठवड्याला घरी येऊन बघणारी बाई, असं साधारण दोन वर्षं. तेच मॉडेल भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास, पेरू अशा 6 देशांत 10,000 हून जास्त कुटुंबांत चिठ्ठ्या काढून, म्हणजे काहींना देऊन आणि काहींना न देता, तपासलं, 2015 ला निकाल आले, बहुतेक ठिकाणी खाणंपिणं आणि कमाई सुधारलेली होती. भारतातला प्रयोग पश्चिम बंगालमध्ये होता, तिथं तर 10 वर्षांनी परत गेले तरी त्या बायका न मिळालेल्यांच्या पुढंच होत्या. होंडुरासमध्ये मात्र बऱ्याच जणींनी कोंबड्या घेतल्या आणि त्यातल्या बहुतेक रोगानं मेल्या. तुमच्या शीटमध्ये मेलेल्या शेळ्यांचा कॉलम आहे का? पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (शेळ्यांच्या आतड्याचा जीवघेणा रोग) लस दिली होती का, कानात विम्याचा बिल्ला होता का, विम्याचे पैसे आले का, हे लिहाच.

आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसेन ते म्हणजे पैसा कुणाच्या हातात. त्या 6 देशांत घरातल्या निर्णयात बायकांचं म्हणणं सुरुवातीला वाढलेलं दिसलं, वर्षभरानं परत गेले तर तो फरक उरला नव्हता. बांगलादेशातही दिलेली जनावरं बाईच्याच नावावर टिकली पण नंतर घरात जे नवीन आलं ते बहुतेक नवऱ्याचं. मी एकदा मराठवाड्यात अशाच पाहणीला गेले होते, तिथं एक मावशी म्हणाल्या, "शेळ्या माझ्याच आहेत की, बाजारात फक्त ते नेतात." मग मी विचारलं मागचा बोकड कितीला गेला, तर म्हणे त्यांनाच विचारा. झालं, यात सगळं आलं.

म्हणून 'महिन्याला किती कमावता' हा प्रश्न काढून टाका. कुणाला सांगता येत नाही, आणि ज्या ताईनं शेळी दिली तीच वही घेऊन समोर बसली तर बाई चांगलंच सांगणार ना, पुढच्या योजनेत नाव राहावं म्हणून. दुसऱ्या गावची मुलगी पाठवा. गेल्या 7 दिवसांत तेल किती आणलं, डाळ किती वेळा शिजली, शेवटची शेळी कुणी विकली, भाव कुणी ठरवला, पैसे कुठं गेले, असं विचारा. दिवस कसा जातो तेही विचारा, चाऱ्याला किती वेळ जातो, मुलगी शाळा बुडवून शेळ्यांमागं जाते का. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय, रिपोर्टमध्ये ते कधीच येत नाही.

तुमच्या 60 जणी कशा निवडल्या ते तुम्ही लिहिलं नाही. सरपंचांनी यादी दिली असेल तर आता मागं जाऊन तुलना करणं अवघड, तरी त्याच गावांतल्या तशाच 30-40 बायका शोधा आणि तेच प्रश्न विचारा, काहीच नसण्यापेक्षा बरं. पुढच्या वेळी पात्र 120 आणि शेळ्या 60 जणींपुरत्या असतील तर ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, उरलेल्यांना पुढच्या वर्षी द्या. भांडणं कमी होतात आणि तुलना आपोआप तयार होते.

कर्जाचं म्हणाल तर थोडक्यात. छोट्या कर्जांवरही असेच अभ्यास झालेत, एक आपल्या हैदराबादला, आधीपासून धंदा असणाऱ्यांना थोडा हात मिळतो पण गरिबी हटली असं सरासरीत दिसलं नाही. ज्या बाईकडं उद्याचं पीठ नाही तिच्या डोक्यावर हप्ता कशाला? बचत गट चांगलाच, पण तिला आधी शेळी आणि वर्षभर विचारपूस करणारं कुणीतरी, कर्ज नंतर. सर ऐकत नसतील तर त्यांना एक दिवस गावात मुक्कामी न्या, एक्सेल ऑफिसात ठेवून.