टीव्ही दिसतो, पण ऐकू येत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ३२ इंची एलईडी टीव्हीचं चित्र झकास आहे, पण आवाज खरखर करत येतो. बातम्या देणाऱ्याचा आवाज जाड असेल तर शब्दच कळत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, बोर्ड गेला, नवीनच घ्या. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : इतक्यात नवा घेऊ नका. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक असेल तर मोबाइलचा इअरफोन लावून ऐका. त्यात आवाज स्वच्छ असेल तर दोष स्पीकरमध्ये, नाहीतर स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायर आयसीमध्ये (बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये) आहे. इअरफोनमध्येही खरखर असेल तर सेट-टॉप बॉक्स बंद करून पेनड्राइव्हवरचं गाणं लावा. ते नीट वाजलं तर टीव्ही ठीक आहे, बॉक्स किंवा त्याची केबल बदला.

जाड आवाजावर फाटणं आणि आवाज कमी केला की बरं वाटणं, ही बहुतेक वेळा स्पीकरचीच खूण असते. जाड आवाजाला स्पीकरचा कागदी पडदा जास्त मागे-पुढे हलतो. त्याची कड सुटलेली असेल किंवा आतली कॉइल चुंबकाला घासत असेल, तर खरखर तिथेच होते. आपल्याकडे टिनाच्या घरात एप्रिल-मेची झळ त्या कडेचा गोंद सोडवते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल कागदात शिरते. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवला असेल तर त्याचे बारीक तंतू जाळीतून आत जातात.

उघडण्याआधी पिन काढा, डिशची केबल काढा आणि निदान वीस मिनिटं थांबा. पिन काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज राहू शकते, म्हणून त्या भागाला हात लावायचाच नाही. गोधडी सपाट अंथरून टीव्ही त्यावर पालथा ठेवा. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, कुठला कुठे होता ते लक्षात ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर पॅनेल फुटू शकतं. जुना डबा टीव्ही मात्र घरी उघडू नका, त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असतात.

स्पीकर खालच्या दोन कोपऱ्यांत सापडतील. कनेक्टर काढून मल्टिमीटर २०० ओमवर लावा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). आठ ओमचा चांगला स्पीकर साधारण साडेसहा ते साडेसात दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. एक-दीड ओमच दाखवलं तर कॉइल जळून शॉर्ट झाली आहे, आणि मग आयसीही तपासून घ्यावा लागतो. मीटर नसेल तर पेन्सिल सेलच्या दोन टोकांवर स्पीकरच्या वायरी क्षणभर टेकवा, स्पष्ट ‘खट्’ आवाज यायला हवा. पडदा बोटांनी हलकेच दाबताना आत घासल्यासारखं लागलं तर तो स्पीकर बाद. खरखर एकाच बाजूला असेल तर डावा-उजवा अदलाबदल करून बघा. ती स्पीकरसोबत दुसरीकडे गेली तर स्पीकर खराब, जागेवरच राहिली तर बोर्ड. तेव्हाही आधी फक्त ऑडिओ आयसी बदलून मिळतो का, ते विचारा.

नवी जोडी घेताना स्पीकरच्या मागे लिहिलेले ओम तेच हवेत, वॅट तेवढे किंवा जास्त चालतात, आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून न्या. आठच्या जागी चार ओमचा बसवला तर आयसीवर जवळपास दुप्पट करंट येतो आणि तो तापून जातो. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या तर आवाज पोकळ येतो, जाडपणा निघून जातो. त्यामुळे अधिक-उणे बघून जोडा.

प्रश्न : टीव्हीच्या स्पीकरच्या वायरी कापून जुन्या डेकच्या अँप्लिफायरला दिल्या तर चालेल का?
— एक वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली

उत्तर : मुळीच नको. आजकालच्या टीव्हीत स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, एकही वायर अर्थची (ग्राउंडची) नसते. डेकच्या इनपुटमध्ये एक बाजू अर्थला जाते, म्हणजे आयसी शॉर्ट होतो आणि चांगला टीव्ही बिघडतो.

हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची केबल डेकच्या ‘ऑक्स’ला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला) द्या, हा सगळ्यात सोपा मार्ग. टीव्हीवरची तीन रंगांची भोकं बहुधा ‘इन’ असतात, त्यातून आवाज बाहेर येत नाही. ‘आउट’ लिहिलं आहे का ते नीट वाचा. फक्त ऑप्टिकल (प्रकाशातून डिजिटल आवाज देणारं भोक) असेल तर मध्ये डॅक नावाची, डिजिटल आवाज डेकला चालेल असा करणारी छोटी डबी लागते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर (साध्या, न दाबलेल्या प्रकारावर) ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर स्वस्त डबीतून काहीच येत नाही. यूएसबीच्या भोकावर भरवसा ठेवू नका, ते पेनड्राइव्हसाठी आहे.

टीव्हीला काहीच आउट नसेल तर डीडी फ्री डिशच्या बॉक्सकडे बघा. त्याच्या मागे लाल-पांढरी भोकं असतील तर ती सरळ डेकला जोडता येतात. आवाज बॉक्सच्या रिमोटने कमी-जास्त करायचा, टीव्हीचा शून्यावर. पेनड्राइव्हचा आवाज मात्र या रस्त्याने येणार नाही.

प्रश्न : बाबांना कमी ऐकू येते. कूलर सुरू असला का त्यांना बातम्या समजत नाही, म्हणून आवाज फुल करतात अन् तो फाटते. मोठं होम थिएटर घ्यावं का?
— एक वाचक, ता. अकोट, जि. अकोला

उत्तर : नको. बाबांना धमक नको आहे, शब्द हवे आहेत. वूफरचा दणका टिनाखाली घुमतो आणि कूलरच्या घरघरीत मिसळून शब्द आणखीच झाकतो. दोन साधे स्पीकर किंवा छोटा साउंडबार घ्या. १० बाय १२ फुटांच्या खोलीला मिळून २० ते ३० वॅट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) पुष्कळ झाले. डब्यावर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ (फुगवून सांगितलेली क्षणभराची ताकद) छापलेले असतात, ते वाचूच नका.

दुकानात गाणं लावून नाही, बातम्या लावून ऐका. घरी स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड त्याच्याकडे करून ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात सारू नका. बास कमी, ट्रेबल थोडा जास्त. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. कमी ऐकणारी माणसं बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात, त्यांना याचा फार त्रास होतो, म्हणून वायरचंच घ्या. एचडीएमआयने जोडायचं असेल तर टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच भोकात केबल लावा, टीव्हीचा आवाज त्यातूनच बाहेर येतो, आणि सेटिंगमध्ये ‘सीईसी’ (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा.

प्रश्न : डेक जोडल्यापासून सारखा ‘हूं’ असा आवाज येतो.
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : टीव्ही, बॉक्स आणि डेक तिन्हींच्या पिना एकाच स्विचबोर्डावर लावा. तरी येत असेल तर डिशची केबल बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर तो त्या केबलच्या वाटेने येतोय. ऑडिओ केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही घरघर अडवणारी छोटी डबी) लावला की बंद होतो. डिशची केबल काढूनही सुरूच असेल तर ऑडिओ केबलच बदला. पिनेपाशी तिची बाहेरची जाळी तुटलेली असते.