अपडेट आणि पावसाळ्यातली लाईट

प्रश्न : गुहागरजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. बुकिंगच्या कॉम्प्युटरला (विंडोज ११) मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून नेट देते. परवा अपडेट उतरण्यातच दिवसाचा डेटा संपला आणि ते बसत असताना लाईट गेली. अपडेट कायमचं बंद करू का?

उत्तर : ताई, कायमचं नको. अपडेटमध्ये चोरवाटा बुजवलेल्या असतात, आणि तुमच्या मशीनवर पाहुण्यांची आधारकार्डं असणार.

सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटच्या पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग बहुतेक अपडेट आपसूक उतरत नाहीत. ‘पॉज अपडेट्स’ने ५ आठवड्यांपर्यंत थोपवताही येतं, गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हा मी तेच करतो. महिन्याचं मुख्य सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. त्यानंतरच्या रविवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून रत्नागिरीला बहिणीकडे नेतो. तिच्याकडे फायबर आहे, शिवाय आंबोळ्याही मिळतात.

लाईटचं म्हणाल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच. अर्धवट राहिलेलं अपडेट बहुतेक वेळा पुढच्या सुरुवातीला स्वतःच मागे घेतलं जातं. पडद्यावर टक्के रेंगाळतात, गोल फिरत राहतो, आणि आपला हात बटणाकडे जातो. एका जुलैत ३५ टक्क्यांवर माझाही गेला होता. दुरुस्तीवाल्याकडे चार दिवस मशीन पडून होतं, वर त्याचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच. तेव्हा बटणापासून लांब राहा. तासभर गेला तरी जाऊ द्या.